जनुकं बदललेले प्राणी: पुण्यात लोकांचं मत नीट कसं घ्यायचं

हल्ली बीएस्सी, जर्नलिझम, एमएसडब्ल्यू करणारी मुलं हा विषय प्रोजेक्टला घेतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात की गूगल फॉर्म बनवलाय, आता कुठेकुठे फॉरवर्ड करू. थांबा जरा. फॉर्म हे या कामातलं बरंच नंतरचं काम आहे, आणि फॉरवर्ड तर करूच नका, का ते खाली येईलच. पुण्यात राहून, खिशाला फार खड्डा न पाडता, दोन-चार मित्रमैत्रिणी जमवून हा सर्व्हे बऱ्यापैकी कसा करता येतो ते क्रमाने लिहितोय.

पायरी १: नक्की कशाबद्दल मत हवंय ते ठरवा

"जनुकीय बदल केलेले प्राणी तुम्हाला मान्य आहेत का?" हा प्रश्न वहीत लिहा आणि लगेच खोडा. प्राणी कुठला आणि बदल कशासाठी हे सांगितल्याशिवाय माणूस उत्तर देईल ते त्याच्या त्या दिवसाच्या मूडचं असेल, विषयाचं नाही.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अडीच हजारांहून जास्त प्रौढांना हेच विचारलं, पण पाच उपयोग वेगवेगळे सांगून. डासांची पैदास रोखून रोग कमी करायला ७० टक्के लोक तयार, माणसाला बसवायचे अवयव प्राण्यात वाढवायला ५७ टक्के, जास्त पौष्टिक मांसासाठी ४३, नामशेष झालेला प्राणी परत आणायला ३२, आणि फिश टँकमधला मासा चमकावा म्हणून फक्त २१. तोच देश, तीच माणसं, तंत्रज्ञान पण एकाच घराण्यातलं, आणि आकडा ७० वरून २१ वर. आता यांना एकच प्रश्न विचारून एकच टक्केवारी छापली असती तर तिचा अर्थ काय लावला असता सांगा.

म्हणून चार उपयोग निवडा आणि चारही उपयोगांची उत्तरं शेवटपर्यंत वेगळी ठेवा. पुण्यासाठी माझी निवड अशी: डेंग्यूचा डास, उन्हाळा सोसणारी गाय, लवकर वाढणारा मासा, आणि अवयवासाठी वाढवलेलं डुक्कर. गाय आणि डुक्कर बघून गाइड म्हणतील कशाला उगाच विस्तवाशी खेळ, पण नेमकं तेच वगळून काढलेलं मत घेऊन करायचं काय? ठेवा दोन्ही, फक्त प्रश्न जपून लिहा.

पायरी २: दारात जायच्या आधी स्वतः वाचा

समोरचा माणूस उलटा प्रश्न विचारणारच, पुणं आहे हे. निदान एवढं तोंडपाठ हवं.

मासा म्हणजे अटलांटिक सॅमन. त्यात दुसऱ्या जातीच्या सॅमनचा वाढीचा जीन, म्हणजे जनुक, घातलेला, त्यामुळे तो साधारण निम्म्या वेळात विक्रीच्या वजनाला येतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये परवानगी दिली, कॅनडाने २०१६ मध्ये, आणि तरीही २०२४ च्या शेवटी तो मासा तयार करणाऱ्या कंपनीने मासे वाढवणं बंद केलं. म्हणजे सरकारी परवानगी मिळाली की विषय संपतो असं नाही.

गाय म्हणजे आखूड, गुळगुळीत केसांची. हा बदल कॅरिबियन भागातल्या सेनेपोल जातीत निसर्गतःच सापडतो, तो जीन एडिटिंगने, म्हणजे जनुकात नेमका हवा तेवढाच बदल करून, दुसऱ्या गाईंमध्ये आणला की उन्हात त्यांचं अंग कमी तापतं. एफडीएने मार्च २०२२ मध्ये हा बदल कमी जोखमीचा ठरवला. डुकराचं म्हणाल तर २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला १० जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं, तो साधारण दोन महिने जगला. २०२४ च्या मार्चमध्ये बॉस्टनला ६९ बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली.

आणि डास तर आपल्या राज्यातच येऊन गेलाय. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ दावलवाडीला २०१७ च्या जानेवारीत ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या जनुकं बदललेल्या एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांच्या बाहेरच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. बहुतेक पुणेकरांना याचा पत्ताही नसतो. हे सगळं असलं तरी भारतात आज असं कुठलंही जनावर खायला म्हणून विकायला परवानगी नाही, आणि परवानगी द्यायची तर विषय जीईएसी या केंद्रीय समितीकडे जातो, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम त्याला लागतात. हे लोकांना मुलाखतीच्या शेवटी सांगा, सुरुवातीला नको.

आता यात काय येत नाही ते. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या परदेशी जातींच्या संकरित गाई जनुकीय बदलाच्या नाहीत, तो साधा संकर. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने तिचे संस्थापक मणिभाई देसाईंच्या काळापासून संकराचं काम गावोगाव नेलंय, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात अशी गाय दारोदार दिसते. सेक्स्ड सीमेनची, म्हणजे मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेल्या वीर्याची, कांडी भरून कालवडी जास्त होतात, त्यातही जीन बदललेला नसतो. कर्नालच्या एनडीआरआय या दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये केलेली 'गरिमा' रेडी किंवा २०२३ ची गीर कालवड 'गंगा' हे क्लोन, म्हणजे नक्कल, बदल नाही. ब्रॉयलर कोंबडी तर अर्ध्या शहराला जनुकीय बदलाचीच वाटते, ती निवड करून केलेल्या पैदाशीची आहे. मुलाखत घेणाऱ्याच्याच डोक्यात हे एकत्र झालं असेल तर समोरच्याचं काय होणार.

पायरी ३: कोणाला विचारायचं

आता ते फॉरवर्डचं. तुमच्या ग्रुपमध्ये तुमच्यासारखेच लोक असतात, आणि त्यातले पण ज्यांना विषयाचा राग किंवा उत्साह आहे तेच फॉर्म भरतात. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने १ कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालाचा अंदाज साफ चुकला. जॉर्ज गॅलप या सर्व्हेवाल्याने त्याच्या मानाने चिमूटभर माणसांना विचारून तो बरोबर सांगितला. आकडा मोठा म्हणून खरा होत नाही.

जाहीर सभेचंही तसंच. बीटी वांग्यावर, म्हणजे कीड लागू नये म्हणून जनुकीय बदल केलेल्या वांग्यावर, २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, आपल्याकडे नागपूरला झाली, आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर केली. अशा सभेत कोणाचा विरोध किती तीव्र आहे आणि मुद्दे काय आहेत हे फार छान कळतं, शंभरात किती लोक विरोधात आहेत हे अजिबात कळत नाही. ब्रिटनने २००३ मध्ये जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांवर देशभर चर्चा घडवली, तेव्हा ३७ हजारांच्या आसपास फॉर्म आले, बरेचसे कडक विरोधाचे. पण त्याच वेळी, आपणहून न आलेल्या ७७ लोकांना वेगळं बसवून बोलतं केलं तेव्हा त्यांची मतं जास्त दोलायमान निघाली.

मग करायचं काय, तर मतदार यादी घ्या. ती भागवार मिळते. मध्यवर्ती पेठा, कोथरूड, हडपसर, येरवडा, खराडी असे वेगळ्या वेगळ्या तोंडवळ्याचे भाग घ्या, प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून एक-दोन याद्या उचला, आणि यादीत ठरावीक अंतराने घरं निवडा, म्हणजे दर पंधरावं किंवा दर विसावं. घर निवडलं की घरातलं माणूस पण तुम्ही निवडायचं, नाहीतर दार उघडणारे आजोबाच सगळ्या सर्व्हेत भरतात. सोपी पद्धत म्हणजे घरातल्या अठरा वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय त्याला विचारायचं, तो घरी नसेल तर परत जायचं. कंटाळा येतो, पण या परत जाण्यातच सगळं आहे.

मतदार यादीची एक गोची म्हणजे भाड्याने राहणारे, बाहेरगावाहून नोकरीला आलेले त्यात नसतात, आणि खराडी-हिंजवडीकडे तर तेच जास्त. तिथे यादी सोडून सोसायटीतले फ्लॅट नंबर घेऊन चिठ्ठ्या टाका.

किती माणसं? चिठ्ठीने निवडलेली ४०० असली तर आकडा साधारण ५ टक्के इकडेतिकडे, १०० असली तर १० टक्के, १००० केली तरी ३. शहराची लोकसंख्या ३० लाख आहे की ६० लाख याने यात जवळपास काहीच फरक पडत नाही, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टला २०० पुरे, ७ टक्क्यांचा झोल मान्य करून. भागाभागातून गट्ठ्याने घरं घेतल्यावर हा झोल आणखी थोडा वाढतो.

गाईच्या प्रश्नासाठी दूध उत्पादकांचं मत हवं असेल तर तो गट पूर्ण वेगळा करा, दौंड, शिरूर, इंदापूरकडे जा, आणि त्यांची उत्तरं शहराच्या आकड्यात मिसळू नका.

पायरी ४: प्रश्न लिहिणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. एकाच डासाचे दोन प्रश्न बघा. "डेंग्यूपासून मुलांचे जीव वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांनी तयार केलेले डास वापरावेत का?" आणि "परदेशी कंपनीने लॅबमध्ये बनवलेले डास तुमच्या वस्तीत सोडावेत का?" दोन्हीत खोटं एक अक्षर नाही, आणि दोन्हींनी तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल. मी असं लिहीन:

"डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या जनुकांमध्ये असा बदल करता येतो की त्याची पिल्लं मोठी व्हायच्या आधीच मरतात. असे नर डास सोडले तर डासांची संख्या कमी होते. नर डास चावत नाहीत. काही जणांना वाटतं की यामुळे रोग आणि औषधफवारणी कमी होईल. काही जणांना वाटतं की निसर्गावर याचा काय परिणाम होईल हे आधी सांगता येत नाही. पुण्यात असे डास सोडायला तुमची संमती आहे का?"

दोन्ही बाजू साधारण सारख्या लांबीच्या, आणि कुठल्या बाजूला "शास्त्रज्ञ म्हणतात" असलं वजन नाही. निम्म्या फॉर्मवर बाजूंचा क्रम उलटा करा. चार उपयोगांचा क्रमही फॉर्मगणिक फिरवा, कारण डासाला हो म्हटलेला माणूस माशालाही हो म्हणायच्या लयीत येतो, आणि डुकराने सुरुवात केली तर काही घरांत तिथेच दार बंद. "सुधारित" हा शब्द टाळा, त्याने प्रश्न आधीच एका बाजूला कलतो, "बदल केलेला" पुरे.

मान्य आहे का, खाल का, विकायला परवानगी द्यावी का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शाकाहारी आजी मासा स्वतः कधीच खाणार नाहीत पण "ज्याला खायचंय त्याला खाऊ दे की" म्हणतील. त्यांना फक्त "तुम्ही खाल का" विचारलंत तर विरोधकांत गेल्या. म्हणून खाण्यापिण्याची सवय आधी विचारा, आणि परवानगीचा प्रश्न सगळ्यांना विचारा. "सुरक्षित आणि योग्य वाटतं का" असला जोडप्रश्न नको, दोन वेगळे करा.

लेबलचा प्रश्न घ्यायचा तर सांभाळून. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१५ च्या सर्व्हेत ८० टक्क्यांच्या आसपास लोकांनी डीएनए असलेल्या अन्नावर सक्तीचं लेबल हवं म्हणून सांगितलं, आणि डीएनए तर कोथिंबिरीत पण असतो. लेबल हवं का म्हटलं की माणूस हो म्हणतोच, त्यावरून भीती मोजता येत नाही.

"माहीत नाही" आणि "सांगता येत नाही" हे पर्याय मोठ्याने वाचून दाखवा. लपवून ठेवलेत तर माणूस लाजेखातर काहीतरी ठोकून देतो.

पायरी ५: ट्रायल

वीस-एक लोकांवर घ्या, आणि ओळखीच्यांवर नको. दौंडकडच्या एका दूध संकलन केंद्रावर एका विद्यार्थिनीने सकाळच्या वेळी गाईचा प्रश्न वाचून दाखवला तर काका किटली खाली ठेवत म्हणाले, "म्हंजे जर्सीच की." तिने फॉर्मवरचंच वाक्य पुन्हा वाचलं, वेगळं काही समजावलं नाही, हे बरोबर केलं. मग काकांचे प्रश्न सुरू. "दुधाला फॅट किती लागंल? वासराला पण तसंच अंग येतंय का? आन् डेअरी घेईल का ते दूध?" आणि शेवटी, "डेअरी घेत आसंल तर चालंल पोरी, न्हाय तर कशाला." फॉर्मवर चौकोन तीनच होते, हो, नाही आणि माहीत नाही. या उत्तराला चौकोनच नाही, आणि दूध उत्पादकांत हे उत्तर वारंवार येणार, कारण त्यांच्यासाठी हा रेटचा आणि संकलनाचा प्रश्न आहे, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन पदार्थ) घसरला तर पैसे कापले जातात. म्हणून "अटीवर हो" असा आणखी एक चौकोन करा आणि खाली दोन ओळी मोकळ्या ठेवा, अट त्यांच्याच शब्दांत लिहा. माझ्या मते अशा दोन ओळींतून जे कळतं ते सगळ्या टक्केवारीतून कळत नाही.

पायरी ६: प्रत्यक्ष दारात

कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र लागतंच. सोसायटीत आधी सेक्रेटरींना भेटा, नाहीतर वॉचमनदादा गेटवरूनच परत पाठवतील. वस्तीत गेलात तर बचत गटाच्या ताईंशी आधी बोला. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका, कारण सांगायला नको. आयटीवाले रविवारी सकाळी अकराच्या पुढेच सापडतात. दिवाळीत, गणपतीत, पालखीच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो. श्रावणात माशाचे प्रश्न विचारायला गेलात तर चेहरे बघण्यासारखे होतात. आणि डासाच्या प्रश्नाला तारीख नक्की लिहा, कारण २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिका आला होता तसं काही चालू असताना घेतलेलं मत आणि फेब्रुवारीत घेतलेलं मत एका पंगतीत बसवता येत नाही.

घरात ताईंना प्रश्न विचारला आणि आतून दादांनी उत्तर दिलं, हे होणारच. "दादा, तुमचंही ऐकायचंय, पण निवड ताईंची झालीये" एवढं हसून म्हणायचं, आणि ताईंकडेच बघत राहायचं. काम होतं.

नाव बघून प्रश्न गाळू नका. मुस्लिम घर आहे म्हणून डुकराच्या किडनीचा प्रश्न वगळायचा, जैन घर आहे म्हणून माशाचा वगळायचा, हे मनानेच ठरवलेलं मत झालं. "कुठलाही प्रश्न नको वाटला तर सोडू शकता" हे सगळ्यांना सारखंच सुरुवातीला सांगा, मग ज्याला सोडायचा तो सोडेल, आणि सोडला हीसुद्धा नोंद आहे. नकार दिलेली, कुलूप असलेली घरंही वहीत मांडा.

वाद घालू नका. कोणी म्हणालं की हे देवाच्या कामात ढवळाढवळ आहे, तर ते लिहून घ्या आणि पुढचा प्रश्न.

पायरी ७: आकडे

समजा २०० लोक झाले, त्यात पुरुष १४० आणि बायका ६०. डासाला ८४ पुरुष हो म्हणाले, म्हणजे ६० टक्के, आणि १८ बायका, म्हणजे ३० टक्के. सरळ बेरीज केलीत तर १०२, म्हणजे ५१ टक्के, आणि लगेच मथळा तयार, "बहुसंख्य पुणेकरांचा पाठिंबा". पण शहरात स्त्री-पुरुष साधारण निम्मे-निम्मे आहेत, तसं वजन दिलं तर ६० आणि ३० ची सरासरी ४५ येते. बहुमत गेलं. वय, शिक्षण, भाग यांचीही जनगणनेशी अशीच ताडणी करा, एक्सेलमध्ये होतं हे सगळं.

"माहीत नाही"वाल्यांना वगळून टक्के काढू नका. २०० पैकी ९० जणांनी माहीत नाही म्हटलं असेल तर तीच तुमची मुख्य बातमी आहे.

पायरी ८: लिहिताना आणि नंतर

प्रत्येक आकड्याशेजारी पूर्ण प्रश्न जसाच्या तसा छापा, सोबत तारखा, भाग, किती घरांनी नकार दिला ते. चार उपयोगांची सरासरी काढून "जनुकीय बदलाला इतका पाठिंबा" असं कुठेही लिहू नका, गाइडनी कितीही आग्रह केला तरी.

परत जाण्यासाठी घेतलेले फोन नंबर उत्तरांच्या शीटमध्ये ठेवायचे नाहीत, वेगळ्या कागदावर, आणि काम झालं की फाडून टाकायचे. त्याआधी ज्यांनी निकाल मागितला होता त्यांना तो पाठवा, साध्या मराठीत, एका पानात. संकलन केंद्रावर मात्र छापील कागद नेऊन भिंतीवर लावायला द्या, तिथे रेटच्या तक्त्याशेजारी तो सगळे वाचतात.